आबांची चढाई

माझ्या धाकट्या भावाला व्यावसायिक कबड्डीच्या संघाने घेतलं, त्याच वर्षी आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. कुंडलच्या घरात ते खाटेवर पडून असायचे, पाणीसुद्धा खुणेनं मागायचे.

पहिल्या सामन्याला मी कुपवाडच्या कारखान्यातून गाडी पिटाळत घरी आलो. टीव्हीवर भाऊ चढाईला निघाला आणि खाटेवरून आवाज आला, ‘कबड्डी, कबड्डी, कबड्डी...’ अगदी खणखणीत. तरुणपणी गावच्या मैदानावर आबा दम घुमवायचे म्हणतात, तसा. चेहरा मात्र लाकडासारखा. भाऊ मध्यरेषेवर परतला आणि आवाज बंद. आई रडायला लागली. मी खाटेपासून दोन पावलं मागे सरलो.

सांगलीचे डॉक्टर म्हणाले, हाडीमासी मुरलेले शब्द कधीकधी उरतात, फार आशा धरू नका. आईनं त्यातलं अर्धंच ऐकलं. संघ जिंकावा म्हणून गाव नारळ फोडत होतं. आईला जिंकण्या-हरण्याशी देणंघेणं नव्हतं, भावाच्या दर चढाईला आबांचा आवाज उठायचा म्हणून तिला फक्त हंगाम लांबायला हवा होता. संघ रडतखडत बाद फेरीत पोचला. तोवर आबांच्या खोलीत एकटं बसायची माझी छाती होईनाशी झाली होती.

उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईत भावाची पकड झाली आणि संघ बाहेर पडला. शिट्टी वाजली, खेळाडूंनी हात मिळवले, जाहिराती लागल्या, तरी आबांचा आवाज चालूच. श्वास न घेता, एकाच पट्टीत. मी घाबरून टीव्ही बंद केला, तेव्हा कुठे ते थांबले. त्यानंतर घरात त्यांचा शब्द नाही.

भाऊ गुडघा बांधून लंगडत घरी आला, आबांच्या पाया पडला. ते बंद टीव्हीकडेच बघत राहिले. आईनं त्याला पाणीही विचारलं नाही.

‘अंगणात जा. एक चढाई कर.’

‘आगं आई, गुडघा बघ की माझा.’

‘एकच रं.’

त्यानं पायानं मातीत रेघ ओढली, दम घेतला आणि सुरुवात केली. आतून आबांनी लगेच सूर धरला. भावाचा दम संपला, तो धापा टाकत वाकून उभा राहिला. आतला आवाज बराच वेळ चालत राहिला, मग एकदम तुटला.

आई दारात उभी राहून हसत होती. मला आबांपेक्षा तिचीच भीती वाटली.

‘आता पुन्यांदा,’ ती म्हणाली. ‘थांबू नगंस.’

भावानं माझ्याकडे बघितलं. मलाही तो आवाज हवा होता.