कॅनॉलवरच्या जाळीची गाठ

गाडी हलली तेव्हा नगर स्टेशनावर सगळ्यांच्या आया रडत होत्या. माझी काकू तेवढी खिडकीबरोबर धावत दामूला दम देत होती, "दादाच्या नजरंआड जाऊ नगंस, सांगून ठेवते!" दामू माझा चुलतभाऊ. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि बायको स्टेशनावर यायला लाजली म्हणून तो घुश्शात होता. लढाईमुळे सूत मिळेनासं झालं होतं, भिंगारच्या आमच्या साळी आळीतले माग बंद पडले होते आणि छावणीत कामगार पलटणीची भरती चालू होती. रिकाम्या मागासमोर बसून काय माश्या मारायच्या, म्हणून आम्ही दोघं निघालो.

आज मी सुवेझला राहतो. भाजीवाल्याशी अरबीत हुज्जत घालतो, आणि खिडकीतून जहाजं जाताना बघतो. तुम्ही आळीतले लोक आणि तुमच्यातून माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळेच विचारता की मी इथेच का राहिलो. त्याचं उत्तर एका सकाळीत आहे.

आमच्या पलटणीला इजिप्तात सुवेझच्या कॅनॉलवर धाडलं. कॅनॉल म्हणजे केवढा समुद्र असेल असं आम्हाला वाटलं होतं. पाहतो तर दोन्हीकडे वाळू आणि मध्ये पाण्याची पट्टी, पलीकडच्या काठावरून हाक मारली तर ओ देता यावी एवढी. पण इंग्रजांच्या आरमाराचा जीव त्या पट्टीत अडकला होता. ती बंद पडली की पुढच्या समुद्रातल्या लढाऊ जहाजांची रसद तुटायची, आणि तोंडाशी खोळंबलेली जहाजं शत्रूच्या विमानांना आयती सापडायची. म्हणून जर्मन विमानं रात्री येऊन पाण्यात सुरुंग टाकून जात. सुरुंग तळाशी निजून राही आणि वरून जहाज आलं की फुटे.

त्यावर साहेबांनी तोड काढली होती. संध्याकाळी या काठापासून त्या काठापर्यंत बारीक दोरीची जाळी पाण्यावर पसरायची. सकाळी जाळीला भोक दिसलं की खाली सुरुंग पडला असं समजायचं आणि जहाजं थांबवायची. भोक नसेल तर जाळी गुंडाळायची आणि कॅनॉल उघडा. पसरणं आणि गुंडाळणं आमच्या पलटणीकडे होतं.

दामू तोवर भटारखान्यात होता. जाळीवर त्याला पहिल्यांदाच पाठवलं, आणि हवालदाराने हिंदुस्थानीत काय समजावलं ते त्याच्या डोक्यावरून गेलं. त्याला वाटलं, जाळी सुरुंग अडवायला आहे. उजाडता उजाडता तो होडीतून एकटाच फेरी मारायला गेला आणि परत आल्यावर माझ्याशेजारी चहा घेऊन बसला. म्हणाला, "दादा, तिकडं लई फाटलं हुतं. सांधून टाकलं बग."

माझा बाप म्हणायचा, "तुटलं दिसलं आन् सांधलं न्हाई, तो साळी कसला?" आमच्या घरात हात आधी पुढे जातो, डोकं मागून येतं. इथे त्या हाताने घात केला होता. साहेबाने काठावरून दुर्बिणीने पाहून जाळी धड असल्याचं कळवलंसुद्धा होतं. सुवेझच्या बाजूला पहिल्या जहाजाचा धूर दिसत होता, आणि आमची माणसं जाळी ओढून घ्यायला उठत होती. एकदा जाळी काठावर गोळा झाली की भोक कुठे होतं ते देवालाही सांगता आलं नसतं.

दामूला सगळं सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला मग खाली पडला. "दादा, गोळी घालतील मला."

"घालू दे. जहाजावर आपल्यासारखीच पोरं हायती," मी म्हणालो. आजही मला ते वाक्य आठवलं की स्वतःची चीड येते, पण दुसरं काय बोलणार होतो? तो उठला आणि हवालदाराकडे गेला. मी मागोमाग.

शिव्या झाल्या, लाल निशाण चढलं, जहाज लांबवर थांबलं. साहेब म्हणाला, जागा दाखवा. सुरुंगाला लोखंडाचा वास लागतो म्हणत, म्हणून आमचे बूट, पट्टे, बटणंसुद्धा काढून घेतली. लाकडी होडीत आम्ही दोघं अनवाणी. मी वल्हं मारत होतो आणि दामू वाकून जाळी हातातून सरकवत होता. पाणी एवढं शांत होतं की मला त्याची भीती वाटली. वर आभाळात विमान आलं असतं तर पळायला जागा नव्हती. दामूचा हात थांबला की मी वल्हं उचलून धरायचो. तो मान हलवायचा आणि आम्ही पुढे जायचो.

पलीकडच्या काठाजवळ तो म्हणाला, "हीच." आम्ही त्या सुरुंगाच्या डोक्यावर होतो. त्याने बांबूच्या तुकड्याला पांढरं फडकं बांधलं आणि तो जाळीत अडकवला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "घरी सांगशील का दादा, गाठ चांगली बसली हुती म्हून?"

मी देवदेव करणारा माणूस नव्हे. पण त्या क्षणी मी पाण्यालाच म्हणालो, याला सोड, मला ठेव.

आम्ही काठाला लागलो. दुपारी सुरुंगवाल्यांनी लांबून तो उडवला तेव्हा पाणी आमच्या भिंगारच्या छावणीतल्या चिंचेहून उंच गेलं आणि वाळूत बसलेल्या आमच्या अंगावर चिखल पडला. संध्याकाळी जहाज गेलं. कठड्यावरून पोरं हात हलवत होती, आणि दामू तोंडात फडकं कोंबून रडत होता.

त्याला गोळी घातली नाही. शिक्षा भोगून तो पुन्हा भटारखान्यात गेला आणि लढाई संपल्यावर भिंगारला. मला मात्र कॅनॉलवरच होडीचं काम मिळालं. दामू आता माग चालवतो, त्याला दोन मुली आहेत. मी एकदा येऊन गेलो, चार दिवस राहिलो. सगळं आपलं होतं, तरी मागाच्या खटक्याच्या आवाजाने झोप लागेना.

पाण्याने दामूला सोडलं. मी इथे ठेवला गेलो, आणि बोलल्याप्रमाणे राहिलो. तुम्ही हसाल, हसा. पण दामू तिथे मागावर बसलेला आहे म्हणून मला भिंगारला अजून घर म्हणता येतं. तो त्या होडीतून परत आला नसता, तर मी काकूसमोर कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो? मग मला ना भिंगार उरलं असतं, ना सुवेझ.