काजूचं सॅटिन

सुतकाच्या घरात किस्से कसे साठतात माहितीये? दारातल्या चपलांसारखे! माणूस येतो, चप्पल काढतो, भिंतीला टेकून बसतो, जरा वेळ पंख्याकडे बघतो आणि मग म्हणतो, "विलासराव म्हणजे ना..." की झालं सुरू. जाताना चप्पल घालून जातो, किस्सा तिथेच राहतो.

विलासराव म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, मयुरीचे पप्पा. आम्ही लालबागला शेजारी शेजारी, दोन घरांत एकच भिंत. त्यामुळे माझे ते विलास काका. हिंदमाताला साडीच्या दुकानात गादीवर बसून त्यांची आख्खी नोकरी गेली. भेटायला येणारे सगळे साड्यांचेच किस्से सांगायचे. कोणाच्या लग्नाचा शालू काकांनी कसा निवडला, कोणाला महागातली साडी घेऊ नको म्हणून कसं सांगितलं, असं.

माझ्याकडचे किस्से मात्र सगळे सॅलड ड्रेसिंगचे! हसू नका. खरंच.

आणि मी ते त्या दिवसांत सारखी बडबडत होते ते एका माणसासाठी. सुनंदा काकी, मयुरीची आई. कपाटाला पाठ लावून बसलेली. रडत नव्हती, बोलत नव्हती, आणि चहा सोडून तिच्या पोटात काही जात नव्हतं. मला वाटायचं, ऐकता ऐकता हिने एक घास खावा. बास, एवढंच.

*

तर पहिला किस्सा डॉक्टरचा. काकांना शुगर, वर बीपी. डॉक्टर म्हणाले, "रोज जेवणाआधी वाटीभर सॅलड." काका घरी आले ते चिडूनच. "आयुष्यभर बायकांना पोपटी, शेवाळी, मेंदी कलर दाखवले. आता हा म्हणतो, ते खा!"

मग काकांनी शोध लावला की मेयोनीज ओतलं की पाला पण जातो. अर्धी बाटली पाल्यावर! डॉक्टरने ती बाटली बंद केली. दही घालावं तर मयुरीला दूध-दही काहीच सोसत नाही, आणि ती म्हणाली की मी पण पप्पांसोबत तेच खाणार. म्हणून तिने काजूचं ड्रेसिंग काढलं. काजू तुकडा भिजवायचा, त्यात लिंबू, लसूण, मोहरीची पूड, मीठ, जरासं पाणी, आणि मिक्सर. ना दूध, ना अंडं, तरी एकदम क्रीमी!

म्हणजे क्रीमी व्हायला पाहिजे होतं. पहिल्या दिवशी घाईत काजू नीट भिजलेच नाहीत. काकांनी वाटीत बोट घातलं आणि खाल्लं नाही हां, चिमटीत धरून चोळलं! साडीचा पदर बघतात तसं.

"खादी झाली गो," काका म्हणाले.

दुसऱ्या वेळी जास्त भिजवले. परत चिमूट. "आता सुती. पण मला सॅटिन पाहिजे."

"पप्पा, हे खायचंय, नेसायचं नाहीये!"

"बोटाला जे कळलं नाही, ते जिभेला काय कळणार?"

झालं! तेव्हापासून त्या घरात ड्रेसिंग पास की नापास ते चिमटीवर ठरायचं.

*

मग काकांना सॅटिनचं वेडच लागलं. मिक्सर कितीही फिरवा, कुठेतरी एखादा कण राहायचाच. एका रविवारी मी गेले तर काका म्हणाले, "गाळायचं! कपड्याने गाळायचं!"

आता कपडा कुठला? आपल्या घरांत काय कमी असतं का? हळदीकुंकवाला आलेले, ओटीत आलेले, पुढे कोणाला तरी द्यायचे म्हणून ठेवलेले ब्लाउजपीस! काकीच्या कपाटात थप्पी होती. काकांनी त्यातला एक काढला, लालभडक.

मयुरी म्हणाली, "पप्पा, रंग जाईल."

काका असे दुखावले! "मला सांगतेस? अगं, हा कपडा मी हातात घेतला की मला गिरणी कळते. ह्याचा रंग गेला तर मला येऊन सांग." दुकानात बोलायचे ना, सेम तसंच!

वाटीत काय आलं? गुलाबी! एकदम सत्यनारायणाच्या मंडपासारखं गुलाबी! पिळलेला ब्लाउजपीस हातात धरून काका उभे. हात कोपरापर्यंत लाल.

काकी तांदूळ निवडत होती. तिने मान पण वर केली नाही. "आता कळलं," म्हणाली, "गिऱ्हायकं परत का येत नव्हती ती."

हा किस्सा मी त्या दिवसांत सांगितला तेव्हा खोलीतली सगळी माणसं हसली. पुण्याहून आलेली मयुरीची आत्या पण हसली. मी काकीकडे बघितलं. ती मांडीवरच्या साडीची घडी सरळ करत होती.

*

काकीचं आणि ड्रेसिंगचं भांडण वेगळंच होतं. तिला काजूबद्दल काही नव्हतं. "आमच्यात नारळाच्या रसात सगळं करतात, तुमचं ह्या काय नवीन," असं ती मयुरीला ऐकवायची. तिचा प्रॉब्लेम होता फोडणीचा.

काकीचं म्हणणं, ज्याला फोडणी नाही ते अन्नच नाही. काकडीची कोशिंबीर असो, नाहीतर कालचा भात असो, पळीत तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, चर्र! मयुरी ऑफिसला गेली की काकी फ्रिज उघडायची आणि ड्रेसिंगला फोडणी देऊन मोकळी व्हायची! संध्याकाळी मयुरी बाटली उघडते तर आत कढीपत्त्याची पानं.

"आई! ड्रेसिंगला फोडणी देत नाहीत!"

"कोण देत नाहीत?"

"जगात कोणीच देत नाही!"

"जग येतं काय ह्यांचं जेवण करायला?"

एकदा हे असं वाढत वाढत इतकं वाढलं की भिंतीपलीकडून आम्ही टीव्ही म्यूट केला. शेवटी काकी ओरडली, "बिनफोडणीचं फक्त मेल्या घरी करतात!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कारण खरंच आहे ना ते. सुतक असलं की घरात फोडणी देत नाहीत. शेजारीपाजारी आणून देतात तेही बिनफोडणीचं.

तेवढ्यात काकांचा आवाज आला. "अगं, मग मी जिता हाय अजून. घाल फोडणी!"

मयुरी हसली, काकीला हसावं लागलं. काकांनी त्या दिवशी दोन वाट्या खाल्ल्या. एक मुलीची, एक बायकोची. रोज तसंच चालू झालं मग. काकी स्वतः मात्र बिनफोडणीचं चाखायची सुद्धा नाही. "तोंड वाकडं करायला मी काय मोकळी आहे काय?"

*

डॅरलचा किस्सा छोटा आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॅरल माझ्या नि मयुरीच्या ऑफिसातला, दादरचा, इथल्या जुन्या कॅथलिक घरातला. त्याची मम्मी घरी व्हिनेगर करते. एकदा लिंबं इतकी महाग झाली की डॅरलने मयुरीला ते आणून दिलं. रमच्या बाटलीत! घरात दुसरी बाटली नव्हती म्हणे.

काका ती बाटली कुशीत धरून गॅलरीतून येतायत, आणि समोर पहिल्या खोलीतले नाना. त्यात संकष्टी!

"विलासराव? आज? आणि तुम्हाला बंद आहे ना?"

काका समजावून सांगू शकले असते ना? नाही! काकांनी झाकण उघडलं. "तुम्ही पण घ्या की थोडी. कोणाला सांगत नाही मी."

नानांनी मागेपुढे बघितलं. आणि मारला घोट.

नंतर कित्येक दिवस नाना काकांशी बोलत नव्हते, आणि कारण विचारलं तर सांगताही येत नव्हतं!

काका गेले तेव्हा पहिले नाना आले. बसले. "चव अजून तोंडात आहे," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत उठले.

*

शेवटी शेवटी काका परळला हॉस्पिटलात होते. किडनीपर्यंत गेलं होतं सगळं. डॉक्टरने आता खायचं फारच मोजकं ठेवलं होतं. मयुरीने नीट विचारून परवानगी काढली, मीठ वगळून चमचाभर ड्रेसिंग, काकडीच्या दोन चकत्यांवर. ते घेऊन आम्ही दोघी गेलो.

काकांचे हात सुजलेले. सुईची टेप. तरी चिमूट केलीच. अंगठा फिरवला. आम्ही दोघी त्या अंगठ्याकडेच बघत बसलो, आईशप्पथ.

"सॅटिन," काका म्हणाले.

मयुरीने तोंड फिरवलं. मी उगाच पाण्याची बाटली उघडबंद केली.

मग काकांनी काय करावं? शेजारच्या बेडवरच्या माणसाच्या बायकोला हाक मारली. "ताई, हात लावून बघा. बघायचे पैसे नाहीत." ती बिचारी उठून आली आणि तिने खरंच हात लावून बघितलं!

काकी खाली औषधं आणायला गेली होती. ती नाही हे बघून काका मयुरीला म्हणाले, "माझ्यामागे हिला जेवायला घाल. ही दुसऱ्याच्या हातचं खात नाही. स्वतःपुरतं करणार पण नाही, बघ तू."

*

आणि तसंच झालं.

मजल्यावरून रोज डबे यायचे. वरण, भात, बटाट्याची भाजी, सगळं पांढरं, बिनफोडणीचं. काकी ताट बघायची, हात जोडायची, ताट सरकवायची. आत्याने दम दिला, माझ्या मम्मीने घास भरवायला बघितला. "ठेवा. खाते मग." ते मग कधी यायचंच नाही. एकदा उठताना भोवळ येऊन काकी कपाटावरच आपटली, तेव्हा मयुरीचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मयुरीने काजू भिजत घातले. आत्याने विचारलं, "हे काय गं?"

"कच्चंच आहे आत्या. लसूण नाही, फोडणी नाही."

"मग चालेल," आत्या म्हणाली.

त्या शांत घरात मिक्सर लागला तेव्हा इतका मोठा वाटला! सगळे दचकले. काकीने पहिल्यांदा मान वर केली. मयुरी काकडी आणि वाटी घेऊन तिच्यासमोर बसली. बोलली काहीच नाही. मी पण नाही. मी, जी कधी गप्प बसत नाही!

काकीने वाटीकडे बराच वेळ बघितलं. मग दोन बोटं बुडवली. आणि अंगठा फिरवला.

"सुती झालं," काकी म्हणाली. "नीट वाट. त्यांना चालायचं नाही."

मयुरी वाटी घेऊन ओट्याकडे पळाली. परत मिक्सर. परत वाटी, परत चिमूट. तीनदा नापास केलं काकीने! चौथ्यांदा काही बोलली नाही. काकडी बुडवली आणि खाल्ली. मग दुसरी. मग मयुरीकडे न बघता म्हणाली, "भात आहे काय थोडा?"

आत्या पदर तोंडाला लावून गॅलरीत गेली.

*

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी आमचे डबे परत आणायला त्यांच्याकडे गेले तर काकी ओट्याशी उभी! केस बांधलेले, आमटी उकळत होती. गॅसवर पळी धरलेली, तिच्यात तेल. मोहरी तडतडली, हिंग पडला, कढीपत्ता पडला. वास थेट गॅलरीत गेला असणार, कारण नानांनी दारातून डोकं घातलं, आत बघितलं आणि गेले.

काकीने पळी आमटीत बुडवली. चर्र!

मयुरी शेजारीच होती. ड्रेसिंगची वाटी तिच्या हातात. बाटलीत कढीपत्ता सापडला म्हणून घर डोक्यावर घेणारी तीच मयुरी! तिने वाटी पुढे केली.

"आई, ह्याच्यावर पण घाल."

पळीत अजून थोडं तेल होतं, मोहऱ्या होत्या. काकीने पळी वाटीपर्यंत आणली. आणि थांबली. मग दुसरा हात वाटीवर आडवा धरला.

"नको," काकी म्हणाली. "ह्याला नको."