तडकलेली रिम

चिंचपोकळीच्या पुलाजवळच्या टायरवाल्याकडे मी शेठची स्पोर्ट्स कार घेऊन वर्षातून चार-पाचदा तरी जातो. गाडी जमिनीला टेकलेली, टायर पातळ. खड्ड्यात आपटली की चाक गेलंच. त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो एका जागी उभा राहत नाही. बोलताना गाडीभोवती फिरतो, अर्धं वाक्य पुढच्या चाकापाशी, उरलेलं मागच्या.

गेल्या पावसाळ्यात परळला पाण्याखालचा खड्डा मला दिसला नाही. टायर फुटला, रिम वाकली. शेठना संध्याकाळी त्याच गाडीने पुण्याला जायचं होतं. गाडी कशीबशी टायरवाल्याकडे आणली. त्याने रिम उतरवून आतून पुसली, कडेवरून बोट फिरवलं आणि थांबला. त्याला असं थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"क्रॅक आहे रे."

"वेल्डिंग मारून दे ना. शेठना काय कळणार? माझी नोकरी जाईल."

"आणि एक्सप्रेसवेवर तुटली तर?"

"तू नाही केलंस तर दुसरीकडे नेतो."

मोठा हातोडा उचलून त्याने चिरेवर घातला. दुसऱ्या घावाला रिमचा तुकडा खाली पडला.

"आता ने कुठे न्यायची तिथे. शेठना सांग, मी तोडली."

शेठनी फोनवर मला खूप सुनावलं आणि टॅक्सी करून गेले. दोन दिवस मी त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होतो. त्या संध्याकाळी पुण्यापर्यंत गाडी मीच चालवणार होतो, हे माझ्या ध्यानात तिसऱ्या दिवशी आलं.