खाकी कोट आणि रस्सीखेचीचा कप

हसायचं तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण ही फजिती पूर्ण ऐकल्यावर हसू येईलच याची खात्री नाही!

पलटणीतले जुने कप जमवायचं मला भारी वेड. कुस्तीचे, हॉकीचे, धावण्याचे. आमची ही म्हणायची, "पाहुण्याला पाणी द्यायला घरात धड पेला नाही, आणि फळीवर कप बघा!"

त्यात महाडच्या बाजारात मी एक जुना खाकी कोट घेतला. का? तर खाकी दिसली की पेन्शनवाले शिपाई मोकळं बोलतात! काय ही अक्कल!

कापडे गावच्या अनसूयाआजीकडे रस्सीखेचीचा चांदीचा कप आहे, असं कळलं. तोच कोट अंगात चढवून निघालो. वाडीत शिरतोय तोच शेजारीण ओरडली, "आजी गो, पलटणीचा सायब आलाय!"

आपली कीर्ती थेट कापड्यापर्यंत? मी खूश! आजी लगबगीनं आली, माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी छाती फुगवली. पुढे आलं ते पोटच, पण ते असो.

कप देव्हाऱ्यात होता, हळदकुंकवानं माखलेला. आजीनं गरम घावणं वाढली. मी ताव मारतोय आणि दारात अख्खी वाडी गोळा!

"सायब," आजी म्हणाली, "माज्या म्हादूला कदी धाडताय? लढाईला ब्रह्मदेशात गेला, त्यो अजून आला नाय. ह्यो कप त्याचाच."

हातातला घास मी ताटात ठेवला. अहो, लढाई संपून किती वर्षं लोटली होती! मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलवेना, खरं सांगवेना.

शेवटी म्हणालो, "आजी, मी पलटणीचा नाही हो. जुने कप जमवत फिरतो. चुकलं माझं."

शेजारणीनं पदर तोंडाला लावला. आजी मात्र म्हणाली,

"म्हाईत हाय रे. पलटणीच्या मानसाचं पोट असं नसतं."

"मग ओवाळलंत कशाला?"

"खाकीतलं कोनी दाराशी आलंच नाय आजवर. म्हटलं, तुजं खाऊन होईस्तवर तरी माजा म्हादू येतोय, असं असू दे."

मग तिनं माझ्या ताटात आणखी एक घावण टाकलं. "सावकाश खा, बाबा."

कपाचं नाव काढायची माझी काय छाती! ज्या पोटानं बिंग फोडलं, तेच पोट घेऊन मी उन्हं कलेपर्यंत ते एक घावण खात बसलो.