सहा वेळा पडलेला माणूस

संपत उजागरे चिडला की त्याचे हात हळू चालायला लागत. पाना सावकाश फिरताना दिसला की स्वारगेटजवळच्या त्या गॅरेजातली माणसं गुपचूप आपापल्या कामाला लागत. ही सवय त्यानं स्वतःला मुद्दाम लावून घेतली होती. पहाटे पाचला उठायचं, चहाच्या आधी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, आणि संध्याकाळी कर्वेनगरला घरी जाताना सायकल शनिवार पेठेतून न्यायची, हेही त्यातलंच. एवढा वळसा कशाला, असं कोणी विचारलं तर तो म्हणे, "पेठेतली हवा मानवते मला." खरी गोष्ट अशी, की सरळ रस्त्यावर देशी दारूचा गुत्ता होता.

हे १९७८ सालचं. त्याची दारू सुटून नऊ वर्षं झाली होती. मंडळीनं त्याला चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडिलांमध्ये निवडलं होतं आणि रविवारचं शास्त्रवाचनही त्याच्याकडे दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी चर्चला नवे पाळक आले. संपतनं त्यांना सांगितलं, एका रविवारी गुडघे टेकले आणि दारू सोडायचं ठरवलं. पुढचं सांगायच्या आधीच पाळकांचे डोळे भरून आले, आणि संपत थांबला. पुढच्याच रविवारी पाळकांनी ती गोष्ट उपदेशात घेतली. "त्या क्षणी प्रभूनं त्यांची तहानच काढून घेतली!" सगळी मंडळी वळून संपतकडे पाहायला लागली. त्याला ते गोड वाटलं. तो गप्प बसला.

गॅरेजात मच्छिंद्र नावाचा रंगारी होता. चांगला कारागीर, पण दारूनं पोखरलेला. संपतनं त्याला धरून धरून चर्चमध्ये आणलं. सहा आठवडे मच्छिंद्र थेंबाला शिवला नाही. सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी तो पडला. तरीही रविवारी बायकोबरोबर, कुसुमबरोबर, मान खाली घालून मागच्या बाकावर येऊन बसला.

नेमकं त्याच दिवशी पाळकांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. "ज्यानं खरोखर विश्वास ठेवला, त्याला परत मोह होत नाही. आपले संपतराव पाहा. एका क्षणात मोकळे झाले. पुन्हा कधी वळूनसुद्धा पाहिलं नाही!"

मागे बाक वाजलं. मच्छिंद्र उठून बाहेर चालला होता आणि कुसुम त्याच्या मागोमाग धावत होती.

संपतचं डोकं भणाणलं. तो उभा राहिला.

"पाळकसाहेब, हे खोटं आहे."

"संपतराव, आपण बसा. उपासना चालू आहे."

"उपासनेत खोटं चालतं का? सहा वेळा पडलोय मी. गुडघे टेकल्यानंतरच्या चार वर्षांत सहा वेळा. आईच्या मातीला गेलो तो पिऊन. लेकीच्या बाप्तिस्म्याला माझी बायको एकटी उभी होती, कारण मी गटाराकडेला पडलो होतो. तहान काढून घेतली म्हणे! काल संध्याकाळी लागली होती मला. आजही लागेल. आता बाहेर गेला त्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत? की तू पडलास म्हणजे तुझा विश्वासच नकली?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याची बायको प्रेमला तेवढी मान वर करून ताठ बसली होती.

उपासना झाल्यावर वडिलांची बैठक झाली. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "आपण उपासनेचा भंग केलात."

"मी खोट्याचा भंग केला."

"मग दोन वर्षं का गप्प होतात?"

प्रश्न वर्मी लागला, आणि त्यामुळे संपत आणखीच पेटला. बैठकीत त्याचं शास्त्रवाचन काढून घेतलं. तो ताडताड बाहेर आला, प्रेमलाला घरी जायला सांगितलं आणि सायकलवर टांग मारली. कुठे निघालो हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. भानावर आला तेव्हा गुत्ता समोर होता. भर दुपारची वेळ. आतून ओळखीचा वास आला. आपण इतकं खरं बोललो आणि शिक्षाही आपल्यालाच! मग आता एक ग्लास घेतला तर कुणाच्या बापाचं काय जातं?

एक पाय जमिनीवर टेकून तो तसाच उभा राहिला. हँडल इतकं घट्ट आवळलं की बोटं पांढरी पडली. "प्रभू, सांभाळ," एवढंच त्याला सुचलं, तेही दातओठ खात. मग त्यानं सायकल फिरवली आणि थेट पर्वतीच्या पायथ्याशी मच्छिंद्रचं घर गाठलं.

दार कुसुमनं उघडलं. आत मच्छिंद्र भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"जावा तुम्ही," तो म्हणाला. "तुमची गोष्ट येगळी हाय. तुमाला देवानं धरलंया. मला न्हाई."

"ऊठ."

"काय उपेग न्हाई."

"मी उपयोग विचारलाय का तुला? सहा वेळा पडलो मी, आणि तुला एकदाही सांगितलं नाही, हा माझा हलकटपणा. देवानं मला सोडलं नाही, म्हणून सातव्यांदा उठलो. पण उठताना गुडघे माझेच फुटले. उद्या पाचला येतो. तयार राहा."

दुसऱ्या दिवशी पाचला तो खरंच कर्वेनगरहून तिथे हजर झाला. मच्छिंद्रनं शिव्या घातल्या. संपतनं उंबऱ्यावर बसून अध्याय वाचला. असं रोज चाललं. दिवाळीत मच्छिंद्र पडला, उन्हाळ्यात पुन्हा पडला. त्या दुसऱ्या वेळी संपतनं त्याच्यावर हात उगारला होता. कुसुम मध्ये आली तेव्हा तो हात खाली आला. मग तो उंबऱ्यावर बसला आणि त्यानं नेहमीसारखं शास्त्र उघडलं.

पाळक गॅरेजात आले ते दीड वर्षानं. "त्या दिवशी माझं चुकलं," ते अवघडून म्हणाले. "मच्छिंद्ररावांनी मंडळीसमोर आपली साक्ष द्यावी असं वाटतं."

"त्यालाच विचारा," संपत म्हणाला. "आणि तो बोलेल तेवढंच राहू द्या. वर तुमचं काही चिकटवू नका."

रविवारी चर्चमध्ये उभा राहून मच्छिंद्र बोलला ते असं, "अकरा म्हैनं झालं. उद्याचं मला ठावं न्हाई. पर उद्या पाचला उठणार हाय."

तो खाली बसला. पाळकांनी पुढे काहीही जोडलं नाही. मधल्या बाकावरचा एक मध्यमवयीन माणूस, ज्याच्या पिण्याबद्दल कुणाला कधी शंकाही आली नव्हती, तोंड झाकून रडायला लागला. संपतनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला स्वतःचा भयंकर राग आला. आपण गप्प राहिलो त्या दोन वर्षांत हा माणूस दर रविवारी इथेच बसत होता.