अल्ट्रावाइड लेन्स आणि आमचा दोघांचा फोटो

मी सांगते, नात नेहा टाइप करते. मला अक्षरं येत नाहीत, त्यामुळे चुका तिच्या.

दुबईत मेट्रो यायच्या आधीची, रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळातली गोष्ट. मी आणि आमचे हे पुण्याहून मुलाकडे, शेखरकडे, शारजाला गेलो होतो. मला एकच हवं होतं, आमच्या दोघांचा एक फोटो. लग्नात कॅमेरा नव्हता आणि पुढे प्रत्येक फोटोत मध्ये कुणाचं तरी पोर.

शेखर म्हणाला, "आई, वाळवंटात काढू. पण आधी लेन्स." मग शारजातल्या अल नहदाहून दुबईच्या देरा बाजारात, वाटेत तासभर जाम. दुकानदाराने दोन अल्ट्रावाइड काढल्या, म्हणजे अख्खं वाळवंट एका फोटोत मावेल अशा लेन्स. "सस्तीवाली में कोने धुंधले आएंगे, साब." शेखरने महागातली घेतली. बाराशे दिरहम, म्हणजे साडेपंधरा हजार.

"कोपऱ्यात बघतं कोण?" मी विचारलं.

"तुला काय कळतंय?" हे म्हणाले. यांना कळत होतं असं नाही.

शुक्रवारी हत्ताच्या रस्त्याने लाल वाळूच्या टेकड्यांकडे निघालो. जाणार असाल तर पाणी भरपूर घ्या, आणि टपरीवरचा एका दिरहमचा करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाळ चहा, सोडू नका. दुपारी पोहोचू नका. ऊन कललं की वाळूवर सावल्या पडतात, फोटो तेव्हाचा.

शेखरने कॅमेरा स्टँडवर लावला. लेन्सचं भोक बारीक केलं, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं म्हणे. मी पुढ्यात बसले. हे चांगलेच मागे, एका बाजूला जाऊन उभे, हात पाठीशी. बायकोला खेटून उभं राहायची यांची रीत नाही, त्यातून सून समोर.

साधी लेन्स असती तर हे फोटोत मावलेच नसते, शेखरला म्हणावंच लागलं असतं, बाबा, आईजवळ सरका. पण बापाला असं सांगायची त्यालाही लाज.

"राहू द्या बाबा, मावताय तुम्ही."

"यल्ला, चला लवकर, ऊन चाललं," सून म्हणाली.

"आजी, डोन्ट मूव्ह." ही नेहा, तेव्हा एवढीशी.

मी हलले नाही. अहो, इकडे या, एवढंही म्हटलं नाही.

रोल धुऊन आला. ही लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं आणखी लांब ढकलते. मी भोपळ्याएवढी, हे मुंगीएवढे, मध्ये अख्खं वाळवंट.

"अहो, एवढ्या लांबून दिसते का मी?"

"पुढच्या वेळी उभा राहीन जवळ," हे पेपराआडून म्हणाले.

"इन्शाल्ला," सून हसली.

पुढची वेळ आली नाही. पुण्याला परतलो आणि वर्षाच्या आत हे गेले.

तर अशी लेन्स घेणार असाल, जरूर घ्या. फक्त माणसं असतील तर त्यांना जवळ बोलवा, लाजू नका.

मी तो फोटो घेऊन कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. म्हटलं, मधली वाळू काढ आणि आम्हाला शेजारी आण.

"आणतो आजी. पण आजोबांना तुमच्याएवढं मोठं केलं की त्यांचा चेहरा फुटतो, नुसते ठिपके दिसतात."

"मग राहू दे," म्हटलं. "आहेत तिथे नीट दिसतात."