मायच्या पदराची गाठ

फोन आला तवा मी पिहूले मांडीवर घेऊन बसली होती. गोंदियाच्या दवाखान्यातून पिहूचे बाबा एवढंच बोलले, "माय गेली व..." आन् माही नजर आंगनातल्या दोरीवर गेली. तिचं हिरवं लुगडं वाळत होतं, पदराची गाठ भिजून अजूनच घट्ट झालेली.

माय म्हनजे माही सासू. तिले लिहता येत नव्हतं, म्हनून काही ध्यानात ठेवाचं असलं का पदराले गाठ मारे. गोरेगावच्या बाजाराले निंगाली का एक गाठ हळदीची, एक मिठाची, एक बिस्कुटाची, घरी आली का एकेक सोडे. मी हासो, "माय, साऱ्या गाठी सारख्याच, कोनती कायची कसं समजते तुमाले?" "तुले नाही समजाचं, तू सातवी शिकेल हास न!"

मंग तिच्या डोक्यात ताप गेला. वाचली, पन घरी आली त वेगळीच. पिहू नुकती रांगून राहिली होती. माय तिले उचले आन् म्हने, "सुमी, आली का व माही बाई!" सुमी म्हनजे मायची पहिली पोरगी, पाळन्यातच गेलेली. माहा जीव उडून जाए... मेलेल्या लेकराच्या नावानं माह्या लेकराले हाक! मी पिहूले हिसकून घेओ, सांगो, माय, ही नात हाय तुमची. हो म्हने, आन् पानी पिऊन आली का पुन्हा, "सुमी!"

डॉक्टर हिंदीत बोलला, "देखो, याद एक जगह नहीं रहती." चेहरा एकीकडे, आवाज दुसरीकडे, भेव तिसरीकडे, आन् मधात एक लहानशी जागा साऱ्याइले बांधते. नवीन काही आठवाचं असलं का तीच हाक मारते, सारे धावून येतात. तापानं तीच खराब झाली. "नया बंधता नहीं, पुराना पक्का हो चुका है." म्हनून सुमी राहिली, पिहू राहे नाही. मले वाटे, माय आतून पिहूले हाक मारते आन् ओ देते मेलेली सुमी...

एक दिवस पाह्यतो त माय पदराले गाठ मारून राहिली, तोंडानं पुटपुटे, "ही सुमी नाही. ही नात हाय. पिहू." हात काही इसरले नव्हते. थोड्या वेळानं गाठ चाचपली आन् मलेच पुसलं, "ही कायची गाठ हाय व पोरी?" मी सांगितलं. तिनं घाबरल्यावानी माह्याकडं पाह्यलं, "मंग सोडू नोको हं. मी पुन्हा इसरन." तवापासून रोज गाठ चाचपे, मले पुसे, मी सांगो, मंगच पिहूकडं हात करे. मंग पुन्हा ताप चढला, पिहूच्या बाबानं तिले गोंदियाले नेलं, गाठीचं लुगडं घरीच राहिलं.

मायले जाऊन दीड महिना झाला. शेजारची काकू म्हनते, मेलेल्या मानसाची गाठ घरात ठेवू नोको, सोडून टाक. मले भेव वाटते, तरी सोडत नाही. लुगडं दिवसा दोरीवर राहते, रातीले पिहू त्याच गाठीले मुठीत धरून झोपते.

परवा चुलीपाशी पाह्यलं, माह्याच पदराले गाठ. कवा मारली, कायले मारली... लय डोकं लावलं, आठोनच येत नाही. तोंडातून निंगून गेलं, "माय, ही कायची गाठ हाय?"

घरात पिहूबिगर कोनी नव्हतं. तिनं तेवढं आंगनातल्या दोरीवरच्या मायच्या लुगड्याकडं पाह्यलं.